ताक, आंबील आणि योग्याकार्तातली इंडोनेशियन

प्रश्न : माझी मुलगी गेल्या सप्टेंबरपासून इंडोनेशियात योग्याकार्ता शहरात आहे. तिथल्या सरकारची दर्मासिस्वा शिष्यवृत्ती मिळाली म्हणून वर्षभर भाषा शिकायला गेली आहे. घरात मराठी, शाळाही मराठी, पुढे कॉलेज बेळगावात. परवा फोनवर रडली. वर्गात तिला सांगितलं म्हणे, की तुझ्या इंडोनेशियनमध्ये फार जावानीज (तिथली स्थानिक भाषा) शिरतंय, परीक्षेत हे चालणार नाही. ती ज्यांच्या घरी खोली घेऊन राहते तिथे सगळे आपापसात जावानीज बोलतात. मैत्रिणी म्हणतात, ती खोली सोड आणि परदेशी मुलींच्या वसतिगृहात ये. आम्ही तिला काय सांगावं?
— एक आई, खानापूर

उत्तर : ताई, खोली सोडू देऊ नका. एवढं तिला आजच कळवा, बाकीचं सावकाश वाचा.

तुमच्या लेकीच्या जागी मी होते, वीसेक वर्षांपूर्वी. त्याच शहरात, अशाच एका घरात मी वर्ष काढलं. तिकडे अशा भाड्याच्या खोलीला ‘कोस’ म्हणतात. मी मूळची बेळगावातल्या शहापूरची. आमच्या गल्लीत दिवसभर मागांचा आवाज. घरात मराठी, समोरच्या दारात कन्नड, कोपऱ्यावरच्या बेकरीत उर्दू. आपल्याला तीन भाषा येतात असं कधी मनातही आलं नाही, कारण त्या कुणी शिकवल्याच नव्हत्या. इंडोनेशियन मात्र मी पुस्तकातून पाठ करून गेले होते, आणि पहिल्याच आठवड्यात ते पुस्तक अपुरं पडलं.

शेजारच्या खोलीतल्या मुलीकडे कपडे भिजवायला बादली मागितली. ती म्हणाली, “ताक आंबिल दुलु, या,” आणि निघून गेली. मला आधी घरचं ताक आणि नाचणीची आंबील आठवली, पोटात कालवल्यासारखं झालं. मग पुस्तक आठवलं. ‘ताक’ म्हणजे नाही, ‘आंबिल’ म्हणजे घेणे, ‘दुलु’ म्हणजे आधी किंवा सध्यापुरतं. म्हणजे आत्ता घेऊ नकोस? वाईट वाटून मी दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी ती बादली घेऊन दारात उभी. ती म्हणाली होती, ‘थांब हं, आणते.’ जावानीजमध्ये क्रियापदाच्या आधी ‘ताक’ लावला की ‘मी करते’, ‘मी करून येते’ असा अर्थ होतो. योग्याकार्तातले लोक हा ‘ताक’ इंडोनेशियन बोलतानाही सहज वापरतात. आपण दुसऱ्या भाषेतलं काही आणलं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं. पुस्तकातला ‘ताक’ नकाराचा, त्या घरातला ‘ताक’ मायेचा, आणि दोन्ही कानाला अगदी एक.

तुमच्या मुलीच्या जिभेवर हेच आलं असणार. ‘तिदाक’ म्हणजे नाही. ती ‘न्दाक’ म्हणत असेल. वाक्याच्या शेवटी ‘तो’ आणि ‘लो’ लावत असेल, जसं आपण ‘ये की’, ‘हो की’ म्हणतो. ‘बुकुन्या’ (त्याचं पुस्तक) म्हणायच्या जागी ‘बुकुने’ निघत असेल. बांडुंग शहराला ‘म्बांडुंग’ म्हणायला लागली असेल, म्हणजे गावाच्या नावाआधी नाकात हलकासा ‘म्’ घेऊन. अस्सल जावानीज माणूस असंच म्हणतो.

आता ज्या भाषेत हे ‘शिरतंय’ ती भाषा कुणाची, ते बघू. इंडोनेशियात सातशेहून अधिक भाषा आहेत. त्यातली जावानीज सगळ्यांत मोठी, बोलणारे आठ कोटींच्या आसपास. तरीही २८ ऑक्टोबर १९२८ रोजी बटावियात, म्हणजे आजच्या जकार्तात, देशभरातल्या तरुणांच्या परिषदेने शपथ घेतली तेव्हा जावानीज निवडली नाही. बंदरांवर, बाजारांत बेटाबेटांतले लोक ज्या मलय भाषेत व्यवहार करत, तिलाच ‘बहासा इंडोनेसिया’ हे नाव दिलं. त्या शपथेचे शब्द फार विचार करून योजलेले आहेत. मातृभूमी ‘एक’ मानतो, राष्ट्र ‘एक’ मानतो, असं पहिल्या दोन वाक्यांत आहे. तिसऱ्या वाक्यात भाषा येते आणि ‘एक’ हा शब्द नाहीसा होतो. तिथे म्हटलंय, एकतेची भाषा असलेली इंडोनेशियन आम्ही शिरोधार्य मानतो. बाकीच्या भाषा सोडा असं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. ताई, तुम्ही-आम्ही ज्या मुलखात वाढलो तिथे दुकानाच्या पाटीवरची अक्षरंसुद्धा माणसांना दुखावतात. ते तिसरं वाक्य मला पहिल्यांदा नीट कळलं तेव्हा मी ग्रंथालयात बराच वेळ तशीच बसून राहिले होते.

पुढे स्वातंत्र्यानंतर ती राज्यघटनेतली राष्ट्राची भाषा झाली, शाळा-कचेऱ्यांची झाली. पण २०१० च्या जनगणनेतसुद्धा घरात रोज प्रामुख्याने इंडोनेशियन बोलणारे जेमतेम पाचातले एक होते. म्हणजे तुमची मुलगी रस्त्यावर ज्यांच्याशी बोलते त्यातल्या बहुतेकांची ती दुसरी भाषा आहे, आणि ते ती आपल्या आईच्या भाषेच्या अंगाने बोलतात. बातम्या वाचणारी व्यक्ती आणि पाठ्यपुस्तक सोडलं, तर निव्वळ इंडोनेशियन तिला ऐकायला मिळणार तरी कुठे?

आमच्याकडे बायकाही ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात, तुम्हाला ठाऊक आहे. पुण्यात शिकायला गेले तेव्हा ‘मुलगी असून येतो?’ म्हणून मला भर वर्गात उभं केलं होतं. तो अपमान मी विसरलेले नाही. तिथे मी ‘येते’ म्हणायला शिकले आणि बेळगाव स्टँडवर उतरले की पुन्हा ‘येतो’. आईला ‘येते’ म्हटलं असतं तर तिला मी परकी झाल्यासारखी वाटले असते. तुमच्या मुलीला नेमकं एवढंच साधायचं आहे. कुठला शब्द कुठे, हे ओळखायचं. शब्द टाकून द्यायचे नाहीत.

काळजी करायची असेल तर दुसऱ्या गोष्टीची करा. जावानीजला पायऱ्या आहेत. बरोबरीच्यांशी आणि लहानांशी ‘ङोको’, मोठ्यांशी आणि परक्यांशी ‘क्रामा’. नुसतं ‘तू’-‘तुम्ही’ बदलून भागत नाही, क्रियापदं आणि नामंही वेगळी. जेवणे हे ङोकोत ‘मङान’, आणि आदराने दुसऱ्याविषयी बोलताना ‘डाहार’. मी ‘मङान’ स्वयंपाकघरात उचलला, मुलींच्या तोंडून. एका संध्याकाळी मी घरमालकीणबाईंना आपुलकीने विचारलं, “इबु सुदाह मङान?” वाक्य इंडोनेशियन, शब्द जावानीज. सत्तरीच्या बाई. त्या हसल्या, ‘सुदाह’ म्हणाल्या आणि आत गेल्या. स्वयंपाकीणबाईंनी मला हाताला धरून बाजूला नेलं. मी काय केलं होतं? सासूला ‘जेवलीस काय गं?’ विचारलं होतं. मग मी ‘डाहार’ शिकले, आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःविषयीच म्हटलं, ‘मी डाहार केलं’. तेही चूक. तो मानाचा शब्द आहे, स्वतःला लावायचाच नाही.

माझा मामेभाऊ सुट्टीत पुण्याहून आला की गल्लीतल्या पोरांबरोबर खेळून कन्नड शिकायचा. एकदा त्याने दुकानात शिरणाऱ्या म्हाताऱ्या अज्जांना ‘बा’ म्हणून हाक मारली. पोरं एकमेकांना ‘बा’च म्हणतात, त्याचं काय चुकलं? पण अज्जांना ‘बर्री’ म्हणायचं असतं. त्या शेवटच्या ‘री’त सगळी रीत असते. रस्ता आणि स्वयंपाकघर तुम्हाला आधी खालची पायरी शिकवतात, कारण तिथे लोक मोकळे असतात. परक्या विद्यार्थ्याला वाटतं भाषा आली. परीक्षेतल्या ‘न्दाक’पेक्षा हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण परीक्षा पुन्हा देता येते.

मी एक वही केली होती. शब्द, तो कुणाच्या तोंडून ऐकला, आणि कुणापुढे चालेल. बस, इतकंच. आणि एक वाक्य दिवसातून दहादा वापरत असे : “इनि बहासा जावा आताउ बहासा इंडोनेसिया?” हे जावानीज की इंडोनेशियन? लोक थांबायचे, आपसात वाद घालायचे, कधी त्यांनाच सांगता यायचं नाही. मग हसायचे. तुमच्या मुलीला हे वाक्य नक्की सांगा. रोज अर्धा तास बातम्या मोठ्याने वाचायलाही सांगा, म्हणजे लिहिण्याची आणि परीक्षेची भाषा बोलीच्या शेजारी आपली वेगळी जागा धरून राहील.

वसतिगृहाचं म्हणाल, तर माझ्या वर्गातल्या काही जणी तिकडे राहायला गेल्या होत्या. तिथे सगळं इंग्रजीत. त्यांचं व्याकरण माझ्यापेक्षा चांगलं राहिलं, हे मान्य करते. पण भाजीवाली त्यांच्याशी बोलताना दोन वाक्यांत थांबायची. माझ्याशी थांबत नसे.

एक आनंदाची गोष्टही तिला सांगा. जावानीजमध्ये द आणि ड, त आणि ट असे वेगळे आवाज आहेत, आपल्यासारखेच. ‘वदी’ म्हणजे घाबरणे, ‘वडी’ म्हणजे वाळू. माझ्या वर्गातल्या जपानी आणि युरोपीय मुलांना हा फरक वर्षभर ऐकूच आला नाही, मला पहिल्या दिवशी आला. जावानीज माणसाच्या इंडोनेशियनला जो जड, भरीव ढंग असतो त्याला तिकडे ‘मेडोक’ म्हणतात. आपल्या कानामुळे तो आपल्या जिभेवर इतरांच्या आधी चढतो. तिच्या बोलण्यात जावानीज जास्त ऐकू येत असेल, तर त्यात या कानाचा हात मोठा आहे.

प्रश्न : मी निपाणीचा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मोबाइलवर इंडोनेशियन मालिका बघून बरंच शिकलो. ‘गुए’, ‘लु’ हे मी-तू सरावाचे झालेत. शिष्यवृत्तीच्या अर्जात शहर निवडायचं आहे. शुद्ध भाषा कुठे मिळेल?
— एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : कुठेच नाही, आणि त्यासाठी शहर निवडू नकोस. प्रत्येक शहर आपली छाप देतं. बांडुंगला गेलास तर सुंडानीज लोकांमध्ये राहशील. वाक्यात ‘मह’ आणि ‘तेह’ पेरायला लागशील, वाट मागताना ‘पुंतेन’ म्हणशील, आणि ‘फ’च्या जागी ‘प’ ऐकायची सवय होईल. मकासारमध्ये शब्दाच्या शेपटीला ‘मि’, ‘जि’, ‘कि’ लागतात. ‘सुदाह मि’ म्हणजे ‘झालं की’. आपल्या भागातल्या मुलाला ते पटकन जमेल. मनाडोत तर ‘किता’ म्हणजे मी.

या ‘किता’वर जरा थांबतो आपण. प्रमाण इंडोनेशियनमध्ये ‘किता’ म्हणजे आपण आणि ‘कामि’ म्हणजे आम्ही. ऐकणारा धरून की सोडून, हा भेद. इंग्रजीतून शिकणाऱ्यांचा इथे वर्षभर गोंधळ उडतो. तुला एका ओळीत समजलं, कारण तो भेद तू आईच्या दुधाबरोबर घेतला आहेस. पण जकार्ताच्या बोलण्यात ‘कामि’ मागे पडलाय, दोन्हीकडे ‘किता’च चालतो. मालिकांमधून शिकशील तर आयतं हातात असलेलं हरवून बसशील.

‘गुए’ आणि ‘लु’ मुळात चिनी होक्कियनमधून जकार्ताच्या बेतावी बोलीत आले आणि टीव्हीने देशभर नेले. जकार्तातल्या मित्रांमध्ये ते खुशाल वापर. योग्याकार्तात किंवा मलांगमध्ये बोललास तर राजधानीचा तोरा मिरवतोय असं वाटेल. तिथे मित्रांत ‘आकु’, ‘कामु’, इतरांशी ‘साया’. पुस्तकातला ‘आंदा’ म्हणजे तुम्ही, तो फॉर्मवर आणि जाहिरातीत छान दिसतो. समोरासमोर लोक नात्याने हाक मारतात : ‘पाक’, ‘बु’, जावात ‘मास’ आणि ‘म्बाक’, बांडुंगला ‘तेतेह’. आपण अण्णा, अक्का, काका, मामी म्हणतो तसं. हे तुला शिकावं लागणार नाही, फक्त शब्द बदलायचे.

मलांग निवडलंस तर आणखी एक गंमत आहे. तिथे शब्द उलटे करून बोलायची जुनी रीत आहे. मलांगचं ‘ङालाम’, ‘मास’चं ‘साम’. लहानपणी आपण ‘च’ची भाषा बोलायचो, मोठ्यांना कळू नये म्हणून. तिथे मोठी माणसंही तशी बोलतात, आणि गावाचा अभिमान म्हणून दुकानांच्या पाट्यांवरही लिहितात.

प्रश्न : संस्कृतमुळे मराठी माणसाला इंडोनेशियन सोपी जाते, असं वाचलं. खरं का?
— एक निवृत्त शिक्षक, बेळगाव

उत्तर : गुरुजी, शब्द ओळखू येतात हे खरं. ‘गुरु’ तिकडेही गुरुच. ‘नामा’, ‘वार्ना’, ‘मानुसिया’, ‘पर्तामा’ (प्रथम), ‘करना’ (कारण), ‘पर्पुस्ताकाआन’ (ग्रंथालय). महाविद्यालयीन विद्यार्थी ‘महासिस्वा’, त्यात आपला शिष्य आहे. वसतिगृह ‘आस्रामा’. मात्र अर्थ प्रवासात बदलले आहेत आणि तिथे आपलाच माणूस आधी चुकतो. ‘देसा’ म्हणजे देश नव्हे, खेडं. ‘सुआमि’ म्हणजे नवरा. ‘चिंता’ म्हणजे प्रेम. एका रिक्षाच्या मागे ‘चिंता’ वाचून मला आधी त्या चालकाची काळजी वाटली होती. आणि ‘बिचारा’ म्हणजे बोलणे, तो मूळचा आपला ‘विचार’.

खानापूर, चंदगडकडच्या वाचकांसाठी दुसरी एक वाट आहे, गोव्याची. पोर्तुगीजांचे शब्द दोन्हीकडे राहिले. तिकडची ‘मेजा’, ‘लमारि’ सांगावी लागत नाही. खिडकीला ‘जंदेला’ म्हणतात, गोव्याच्या सीमेवरच्या म्हाताऱ्यांना त्यात ‘जनेल’ ऐकू येईल.

पण उच्चारांसाठी मी संस्कृतवर भिस्त ठेवणार नाही. शब्दाच्या शेवटचा ‘क’ घशातच तोडतात. ‘बापाक’ म्हणताना शेवटी ‘क’ जवळजवळ ऐकूच येत नाही. आपण तो ठासून म्हणतो. ती सवय माणसांत राहूनच मोडते.

प्रश्न : बेळगावात मेडिकलला मलेशियाच्या मुली आहेत. त्यांच्याशी इंडोनेशियनचा सराव केला तर चालेल का?
— एक विद्यार्थिनी, टिळकवाडी

उत्तर : जरूर कर. दोन्ही भाषा मलयच्याच, एकमेकींना समजतात. त्या मुली इथे पेशंटशी बोलायला कन्नड-मराठी शिकताहेत. तूही त्यांना शिकव, अदलाबदल बरोबरीची होईल. पण काही शब्द वेगळे वहीत लिहून ठेव. त्यांच्याकडे ‘बुदाक’ म्हणजे मूल, इंडोनेशियात गुलाम. त्यांचं ‘पर्चुमा’ म्हणजे फुकट, पैसे न देता. इंडोनेशियात फुकट गेलं, वाया गेलं, या अर्थाने. त्यांचं ‘पुसिंग’ म्हणजे वळणे, इंडोनेशियात चक्कर येणे. जमेल, शक्य आहे, यासाठी त्या ‘बोलेह’ म्हणतात. इंडोनेशियात त्यासाठी ‘बिसा’, आणि ‘बोलेह’ परवानगीसाठी. मलेशियन मुलीला ‘बिसा’ ऐकून आधी सापाचं विष आठवेल, तो शब्द आपल्या ‘विष’चाच आहे.

आणि ‘करेता’. मलेशियात मोटारगाडी, जकार्तात आगगाडी, सुमात्रातल्या मेदान शहरात मोटरसायकल. मेदानला कुणी ‘करेतावर बस’ म्हणालं तर हेल्मेट माग.